कष्टाचे शब्द आणि हिशेबाचे शब्द

अध्यक्षमहाराज आणि पिंगळीकर बंधुभगिनींनो,

वसंत व्याख्यानमालेचे आमंत्रण घेऊन आपली मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही त्यांना म्हटले, "अहो, आम्ही सातवीनंतर शाळा सोडलेली माणसे. पोती वाहिली, मग पोती वाहणाऱ्यांची संघटना बांधली. आम्ही व्याख्यान ते काय देणार?" ते म्हणाले, "तुम्ही सभेत शब्दांची गंमत सांगता, तीच सांगा." गंमत म्हणा, पण आम्हाला तिची गोडी लागली ती गरजेपोटी. ज्या कागदांवर आम्ही अंगठे उठवत होतो, त्या कागदांवरचे शब्द आम्हाला कळत नव्हते. रद्दीवाल्याकडून एक जुना, पाने सुटलेला शब्दकोश घेतला आणि रात्री एकेक शब्द उलगडू लागलो.

आता तुमच्या दारात आलो आहोत, तेव्हा तुमच्याच नावाला आधी हात घालू. पिंगळ म्हणजे तांबूस पिवळा. आपला पिंगट हा त्याचाच भाऊ. रात्री झाडावर किलबिलाट करणारा लहानसा घुबडासारखा पक्षी पिंगळा, आणि पहाटे कंदील घेऊन भविष्य सांगत दारी येणाराही पिंगळा. नाव कोणत्या कुळातले ते आम्ही सांगितले. गावाला ते रंगावरून पडले की पाखरावरून, याचा निवाडा मात्र कानाला गोड लागते म्हणून करू नये. नावाची व्युत्पत्ती सांगणारे पुष्कळ लोक असतात, आणि त्यांतले निम्मे लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे असतात. जुळले की झाले, नाते खरे असो वा नसो.

तुमच्या स्टेशनावरून गाडीत बसलो की परभणी येते. तेथून मोंढ्यात गेलो की आमचा संसार सुरू होतो. हमाल हा शब्द अरबी. 'हमल' म्हणजे ओझे, ते वाहणारा तो हमाल. उर्दूत हमल म्हणजे गर्भ. बाईच्या पोटातले आणि बाप्याच्या पाठीवरचे, दोन्ही ओझ्यांना त्या भाषेने एकच धातू दिला. कुली म्हणाल तर तमिळमध्ये कूलि म्हणजे मजुरी. तिथे मजुरीचेच नाव माणसाला चिकटलेले दिसते. 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात कुलींना 'सहायक' म्हणावे असे जाहीर झाले. नाव बदलले, ट्रंकेचे वजन तेवढेच राहिले.

असे शब्द जमवता जमवता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि आज तीच आपल्यापुढे मांडायची आहे. जे शब्द प्रत्यक्ष कामाचे आहेत, ते बहुतेक घरचे आहेत. नांगर हा संस्कृत लांगल. खुरपे हे क्षुरप्र. कापूस हा कर्पास. मळणी मर्दनातून आली, दळण दलनातून. आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी जे दळण-कांडण, झाडलोट करीत होती, त्या कामांची नावे सातशे वर्षांनंतरही तीच आहेत. परंतु काम संपून हिशेबाची वेळ आली की भाषा पालटते. मजूर फारसी, मालक अरबी, हजेरी अरबी, हिशेब अरबी, बाकी अरबी, वसूल अरबी, रोजंदारी फारसी. आमच्यावर नजर ठेवणारा मुकादम, तोही अरबी. त्याचा मूळ अर्थ 'पुढे केलेला'. म्हणजे घाम मराठीत गाळायचा आणि त्याचा हिशेब दरबारच्या भाषेत व्हायचा!

हे निजामाच्या मुलखामुळे झाले असे कोणी म्हणेल. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबादेत होता, कचेरीचा कारभार उर्दूत चाले, हे खरे. आमच्या वडिलांच्या तोंडी अर्जाला दरखास्त हाच शब्द होता. पण पुण्या-साताऱ्याकडेही मजूर मजूरच आणि मालक मालकच. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, दरबारच्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी बाकी आणि वसूल आज सुमारे साडेतीनशे वर्षांनी जागच्या जागी आहेत. आम्हाला याचे दुःख नाही. परक्या शब्दाशी आमचे वैर नाही. उलट त्यांतले काही शब्द आमच्या बाजूने साक्ष देतात.

पगार घ्या. हा पोर्तुगीज. 'पागार' म्हणजे देणे, चुकते करणे. पोर्तुगीजांनी तो घेतला लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये त्याचे मूळ आहे शांत करणे. 'पाक्स', म्हणजे शांतता, या शब्दाच्या घरातला तो. देणेकऱ्याने पैसे टाकले, घेणेकरी शांत झाला, तंटा मिटला. पगार वेळेवर मिळाला नाही तर कारखान्यात अशांतता का पसरते, असा प्रश्न विचारणाऱ्या व्यवस्थापकांना आम्ही हल्ली ही व्युत्पत्ती सांगतो.

मेहनत हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ संकट, कसोटी, यातना. आपला कष्ट तोच: आधी दुःख, मग श्रम. आणि गरीब? गरीब म्हणजे मुळात पैसे नसलेला नव्हे. अरबीत गरीब म्हणजे परका, परमुलखातला. आपल्या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बायकामुलांसह निघालेल्या गाड्या तुम्ही पाहता. ती माणसे परक्या रानात पाल ठोकून राहतात, तेव्हा त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच पालात नांदत असतात. मुकादमाच्या वहीत नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' लिहितात. दोन माणसांचे एक हत्यार. जोडीतला एकटाच आला तर तो 'अर्धा कोयता'. तोडणी तिची, मोळी बांधून डोक्यावर वाहणेही तिचे, पण उचल घेताना नाव नवऱ्याचे. आम्ही पुष्कळ शब्दकोश चाळले. माणूस मोजण्याची याहून वाईट रीत आम्हाला आढळली नाही.

साहेब हा शब्द तर आमचा फार लाडका. अरबीत साहिब म्हणजे सोबती. आणि आमचे काही मित्र एकमेकांना कॉम्रेड म्हणतात, तो स्पॅनिशमधून आला. 'कामारा' म्हणजे खोली, एका खोलीत राहणारा तो कॉम्रेड. म्हणजे साहेब आणि कॉम्रेड हे अर्थाने सख्खे भाऊ! एका सुनावणीत आम्ही हे सांगितले, तेव्हा समोरचे साहेब हसले. निकाल मात्र त्यांनी आमच्या विरुद्धच दिला.

आता लढ्याचे शब्द. मोर्चा म्हणजे किल्ल्याला वेढा देताना खणलेला खंदक, दबा धरून बसण्याची जागा. बसण्याचा शब्द आज चालायला लागला आहे. धरणे ही पूर्वी घेणेकऱ्याची युक्ती. पैसे बुडवणाऱ्याच्या दारात घेणेकरी उपाशी बसे आणि त्याला लाज आणी. पुढे इंग्रजांनी तो गुन्हा ठरवला. लोकांना वाटते, धरणे म्हणजे मागणाऱ्याचे गाऱ्हाणे. नाही. धरणे धरणारा हा सावकार असतो. महिनाभर राबून ज्याचा पगार थकला, त्याने मालकाला महिनाभराचे श्रम उधार दिलेले असतात.

हरताळ हे दोन शब्द आहेत, एक नव्हे. एक हरिताल, पिवळा खनिज रंग. पोथीतले चुकलेले अक्षर त्याने पुसून टाकीत, म्हणून वचनाला हरताळ फासला असे आपण म्हणतो. दुसरा हाट आणि ताळा, बाजाराला कुलूप. 6 एप्रिल 1919 रोजी गांधीजींनी देशाला करायला सांगितला तो हा दुसरा.

इंग्रजीतला स्ट्राईक कोठून आला? 1768 साली लंडनच्या बंदरात खलाशांनी जहाजांची शिडे खाली उतरवली. शीड उतरवणे म्हणजे 'स्ट्राईक' करणे. फ्रेंच लोक संपाला 'ग्रेव्ह' म्हणतात. पॅरिसमध्ये सीन नदीकाठी ग्रेव्ह नावाचा चौक होता. बेकार मजूर काम शोधत तेथे उभे राहात. आपल्याकडे सकाळी डबा आणि थापी घेऊन मजूर नाक्यावर उभे राहतात, तसेच. तेथे नाक्याचे नाव संपाला मिळाले. पण आमच्या मते सर्वांत उत्तम नाव मराठीचे. शेजारच्या गुजरातीत संप म्हणजे एकी, सलोखा. कुसंप म्हणजे बेबनाव. इंग्रजाने शीड पाहिले, फ्रेंचाने चौक पाहिला. मराठी माणसाने काम थांबल्याकडे न पाहता माणसे एकत्र आल्याकडे पाहिले. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या सुमारे 2.5 लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपाबद्दल बोलताना लोक म्हणतात, संप मोडला. काय मोडते, ते त्या वाक्यातच आहे.

आणि संप झाला की वर्तमानपत्र लिहिते, 'कामगारांनी जनतेला वेठीस धरले'. बंधूंनो, वेठ म्हणजे काय? संस्कृतमधली विष्टि, राजाने, पाटलाने, जहागीरदाराने फुकट करून घेतलेले काम. फारसीत त्यालाच बेगार म्हणतात. दोन राजवटींचे दोन शब्द जोडून आपण वेठबिगार केला, आणि ती बंद करणारा कायदा व्हायला 1976 साल उजाडले. हजारो वर्षे जे वेठीला धरले गेले, त्यांच्यावरच तो शब्द उलटवायचा, याला काय म्हणावे?

शब्दाने माणसाचे नुकसान कसे होते, हे आम्ही एकदा जवळून पाहिले. एका गोदामातल्या माणसांची थकबाकी मागायला आम्ही गेलो होतो. मालकाच्या वकिलाने कागद दाखवला. त्यावर हमाल नव्हते, कामगार नव्हते. लिहिले होते 'मदतनीस'. मदत करायला आले होते, कामाला नव्हे! आता या शब्दाची गंमत पाहा. चिटणीस, फडणीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस. त्या हिशेबाने मदतनीस म्हणजे मदत लिहिणारा. आणि त्या कागदाखाली चौदा मदतनिसांचे चौदा अंगठे होते. सही हा शब्द अरबी 'सहीह'पासून आला आहे. त्याचा अर्थ खरे, बरोबर. ते पैसे आम्हाला मिळाले नाहीत.

तेव्हापासून मदतनीस हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. तो शब्द आज गावोगाव ज्या बायांना लावलेला आहे, त्या आपल्या अंगणवाडीत आहेत. 2 ऑक्टोबर 1975 रोजी ही योजना सुरू झाली. एक सेविका, एक मदतनीस. पोरांना खाऊ घालायचे, वजन करायचे, रजिस्टरे भरायची, गरोदर बायांची नोंद ठेवायची. पण सेविका म्हणजे सेवा करणारी. सेवेला वेतन कसे द्यायचे? म्हणून मिळते ते मानधन. हा शब्द कानाला किती भारदस्त! संस्कृतात मानधन हे विशेषण आहे: मान हेच ज्याचे धन, असा स्वाभिमानी पुरुष. ज्याने कोणी हा शब्द सरकारी कागदावर आणला, त्याला हा अर्थ ठाऊक होता की काय, नकळे. पण खरा झाला तो हाच. मान घ्या, तेच धन समजा. मानधन म्हटल्यामुळे ते वेतन नव्हे, वेतन नव्हे म्हणून ती कर्मचारी नव्हे, कर्मचारी नव्हे म्हणून निवृत्त होताना कायद्याने ग्रॅच्युइटी नव्हे. एका शब्दाने तीन कुलुपे.

त्यांतले एक कुलूप 25 एप्रिल 2022 रोजी निघाले. गुजरातमधल्या अंगणवाडीच्या बाया सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. न्यायालयाने सांगितले की ज्याला तुम्ही मानधन म्हणता, ते 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, आणि सेविका व मदतनीस दोघींना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. ग्रॅच्युइटी या शब्दाचे मूळ लॅटिन, अर्थ खुशीने दिलेली भेट. ती भेट मिळवायला दिल्लीपर्यंत जावे लागले, हे वेगळे. डिसेंबर 2023 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या अंगणवाडी बायांनी संप केला, तेव्हा मागण्यांत पैसा तर होताच, पण कर्मचारी हा शब्दही होता.

तो निकाल आला, तेव्हा आम्ही याच भागातल्या एका गावी अंगणवाडीच्या ओट्यावर बैठक घेतली. निकालाचा अर्थ समजावून सांगितला: मानधन म्हणजे वेतन, असे कोर्टाने म्हटले. बायांनी टाळ्या वाजवल्या. एक मदतनीस मावशी मागे बसल्या होत्या, निवृत्तीला वर्षभर राहिलेले. त्या उठल्या आणि कमरेच्या पिशवीतून बँकेचे पुस्तक काढून आमच्यापुढे धरले. म्हणाल्या, "दादा, आम्हाला वाचता येत नाही. या महिन्याच्या ओळीत त्यांनी कोणता शब्द लिहिला, तेवढे पाहून सांगा."

आम्ही चष्मा लावला. मानधन असेच लिहिले होते.