धावपट्टीला शिलालेख नसतो

कुंभकोणमच्या परिसरात इतिहास म्हटला की चोळांची मंदिरे आणि तंजावरचे भोसले आठवतात. परंतु येथून सुमारे ४० किलोमीटरवर, तंजावर शहरालगत, इतिहासाचा आणखी एक थर आहे. तो म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील विमानतळ.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर आणि दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणम व काकिनाडा येथे बॉम्ब टाकले. पूर्व किनारा एकाएकी युद्धाच्या छायेत आला. तंजावरप्रमाणेच चेट्टिनाड, उळुंदूरपेट, चोळवरम येथेही त्या काळच्या धावपट्ट्या आहेत. युद्ध संपले आणि त्यांचे प्रयोजनही संपले. चोळवरमला पुढे कित्येक वर्षे मोटारींच्या शर्यती झाल्या. तंजावरचे भाग्य मात्र पुन्हा उजळले. २०१३ मध्ये तेथे वायुदलाचे केंद्र सुरू झाले आणि २०२० मध्ये सुखोई विमानांची तुकडी आली.

राजराज चोळाने बृहदीश्वराच्या मंदिरावर ४०० नर्तकींची नावे कोरून ठेवली. धावपट्टीला असा शिलालेख नसतो. जमीन कोणाची गेली, खडी कोणी फोडली, हे महसुली दप्तरांत आणि वृद्धांच्या स्मृतीतच शोधावे लागते. दप्तर काही काळ थांबेल; परंतु १९४२ मधील दहा वर्षांचे मूल आज नव्वदीच्या पलीकडे आहे. म्हणून अभ्यासकाने प्रथम त्या वृद्धाच्या ओसरीवर जावे, धावपट्टीवर मागाहून.