तिजोरी कुणाची, किल्ली कुणाकडे?



आम्ही साच्यावर उभी राहणारी माणसं. चौथीपर्यंत शिकलो, घटना काही तोंडपाठ नाही. पण १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचा बेत दिल्लीत शिजला होता, हे घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकत आलोय. माणसं गोळ्या खाऊन पडली, तेव्हा कुठं १ मे १९६० उजाडला. लोकांना वाटलं, झालं काम. अहो, कुठलं झालं! घटनेचं कलम ३ जागच्या जागी आहे. राज्य मोडायचं-जोडायचं तर विधानसभेचं मत नुसतं विचारायचं. मानलंच पाहिजे असं नाही. २०१९ साली जम्मू-काश्मीर या एका राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश केले, तेव्हा तिथली विधानसभा विसर्जित होती. मग विचारलं कुणाला?

आणीबाणीत, १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं शिक्षण आणि जंगल हे राज्यांचे विषय सामाईक यादीत नेले. आणीबाणी गेली, विषय परत आले नाहीत.

आता पैसा. २०१७ साली जकात गेली, व्हॅट गेला, जीएसटी आला. त्याच्या परिषदेत ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि एकट्या केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश. तुम्हीच हिशेब करा. सगळी राज्यं एका बाजूला बसली तरी दिल्ली नाही म्हणाली की ठराव पडला! आमच्या युनियनच्या सेक्रेटरीनं असलं मत मागितलं असतं, तर पोरांनी त्याला खुर्चीसकट बाहेर ठेवला असता. वर सेस आणि सरचार्ज. पंधराव्या वित्त आयोगानं केंद्रीय करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला खरा, पण सेस-सरचार्जचा पैसा त्या वाटणीत धरतच नाहीत. बोनसचा टक्का ठरवायचा आणि नफ्याची एक वही बाजूला काढायची, हा मालकी कावा आम्ही ओळखतो.

कुणी म्हणेल, मुंबईचं सरकार काय कामगारांचं आहे? नाही. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तरी बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता. तो १९४६ चा कायदा मुंबई प्रांताचाच, दिल्लीचा नव्हे. हे आम्ही विसरलेलो नाही. पण सोलापूरहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मंत्रालयाच्या दारात उभं राहता येतं, आणि एका खाड्यात परत पाळीवर येता येतं. दिल्लीला जाऊन यायचं तर चार खाडे पडतात.