पाकिटातला पगार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



रुमानियात किंवा बल्गेरियात एखाद्या बांधकाम मजुराच्या पगाराचे दोन भाग असतात. किमान वेतनाएवढी रक्कम पगारपत्रकावर चढते. उरलेली मालक पाकिटात घालून रोख हाती ठेवतो. पहिल्या रकमेवर कर आणि सामाजिक विम्याची वर्गणी भरली जाते. दुसरीची सरकारदरबारी गंधवार्ताही नसते. २००७ साली युरोपीय संघाने आपल्या २७ सदस्य देशांत पाहणी केली, तेव्हा सरासरी ५ टक्के नोकरदारांनी असा पगार घेतल्याचे सांगितले. रुमानियात हे प्रमाण २३ टक्के, लॅटव्हियात १७ आणि बल्गेरियात १४ होते. प्रश्न कबुलीजबाबाचा असल्यामुळे वस्तुस्थिती याहून वाईटच असणार.

याचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. कम्युनिस्ट राजवटीने लोकांना लबाडीची सवय लावली आणि ती अद्याप सुटलेली नाही, असे ते स्पष्टीकरण होय. त्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. सोव्हिएत रशियातील ‘दुसऱ्या अर्थव्यवस्थे’कडे ग्रेगरी ग्रॉसमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ सालीच लक्ष वेधले होते. दुकानात नसलेला माल मागील दाराने मिळे. कारखान्यातील वेळ, हत्यारे आणि कच्चा माल खाजगी कामाला लागे. हंगेरीच्या सरकारने तर १९८२ पासून कामगारांना गट करून, कामाची वेळ संपल्यावर, त्याच कारखान्यातील त्याच यंत्रांवर जादा मोबदल्याने काम करण्याची कायदेशीर मुभा दिली. दिवसाची मजुरी पोटाला पुरत नाही, याची ती सरकारी कबुलीच होती. समाजवाद्यांनी हे झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. जेथे स्वतंत्र कामगार संघटना नसते, तेथे मजुरीची घासाघीस उघडपणे करता येत नाही. मग कामगार ती चोरून करतो.

१९८९ नंतर बाजारपेठ आली. टंचाई संपली की चोरवाटाही बंद होतील, असे तिच्या पुरस्कर्त्यांनी सांगितले. टंचाई संपली; चोरवाटा मात्र राहिल्या. बदलला तो त्यांचा धनी. पूर्वी कामगार राज्याचा वेळ चोरीत असे. आता मालक कामगाराचे म्हातारपण चोरतो.

हे विधान अतिशयोक्त वाटेल, म्हणून लॅटव्हियाकडे पाहावे. तेथे १९९६ पासून निवृत्तिवेतन हे कामगाराच्या नावे भरलेल्या वर्गणीवर ठरते. ही वर्गणी कागदावरील वेतनावर भरली जाते, पाकिटावर नव्हे. आजारपणाचा भत्ता, बाळंतपणाचा भत्ता, बेकारी भत्ता, सर्वांना हाच हिशेब लागू. २००८-०९ च्या मंदीने लॅटव्हियाला जबर तडाखा दिला. अशा वेळी पाकीट सर्वांआधी आटते. त्याला करार नाही, पावती नाही, त्यामुळे दादही नाही.

कामगार हे पाकीट राजीखुशीने घेतो, असा आक्षेप घेतला जातो. बल्गेरियात १९९६-९७ साली बँका कोसळल्या आणि महागाईने ठेवी व निवृत्तिवेतने गिळंकृत केली. ज्याने आपल्या आईबापांची ही गत पाहिली, तो चाळीस वर्षांनी मिळणाऱ्या सरकारी वचनावर का विसंबेल? शिवाय नकार द्यावा, तर त्याची जागा घ्यायला दुसरा दाराशी उभा असतोच. अशा राजीखुशीला संमती म्हणणे ही शब्दांची फसवणूक होय.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. रशियाने २००१ साली प्राप्तिकराचा १३ टक्के असा एकच दर केला, तरी पाकिटे राहिली. जॉर्जियाने २००६ साली कामगार निरीक्षणाची यंत्रणाच मोडीत काढली. पुढे ती टप्प्याटप्प्याने पुन्हा उभारावी लागली आणि २०२१ मध्ये तिला व्यापक अधिकार मिळाले. बल्गेरियाने २००३ साली प्रत्येक नोकरीच्या कराराची नोंद सक्तीची केली आणि उद्योग व हुद्द्यानुसार विम्यासाठी किमान वेतनमर्यादा घातल्या. या मर्यादा मालकांच्या व कामगारांच्या संघटना वाटाघाटींनी ठरवीत. त्यामुळे कामगारांची नावे कागदावर आली, हा लाभ लहान नव्हे. परंतु मालक मर्यादेपुरते कागदावर लिहू लागला आणि उरलेले पाकिटात घालीत राहिला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. निरीक्षक माणसे मोजू शकतो, पण पाकिटातील रक्कम दोघांनाच ठाऊक असते: देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला. घेणाऱ्याने तोंड उघडावे असे वाटत असेल, तर त्याची नोकरी टिकेल याची हमी देणारी संघटना पाठीशी हवी, आणि भरलेली वर्गणी उद्या परत मिळेल असा भरवसा देणारे राज्यही हवे. यांपैकी एक असून भागत नाही. म्हणून कामगार संघटनेने हाती किती पडते एवढेच विचारून थांबू नये. कागदावर किती लिहिले जाते, हेही विचारले पाहिजे. वाढीव मजुरीसाठी झालेला लढा पाकिटावर मिटला, तर तो लढा अर्धाच जिंकला, असे समजावे.