चित्र दिसतं, पण साठतं का?

दुकानात, सोसायटीत, पतपेढीच्या दारात, शाळेच्या व्हरांड्यात आता कॅमेरा दिसला नाही तरच नवल. हे कॅमेरे दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय, तोही कोकण किनाऱ्यावर, खाऱ्या वाऱ्यात. कुठे चोरी झाली की मला फोन येतो. मी रेकॉर्डरसमोर बसतो, तारीख टाकतो, आणि पुष्कळदा त्या तारखेला काहीच सापडत नाही. मालक हवालदिल होऊन म्हणतात, "अहो, टीव्हीवर तर रोज दिसत होतं!"

दिसत होतं हे खरंच असतं. रेकॉर्डर दोन कामं करतो. आलेलं चित्र पडद्यावर दाखवतो आणि तेच हार्ड डिस्कवर लिहून ठेवतो. डिस्क मेली म्हणून पडदा काळा होत नाही. कोपऱ्यात एखादं बारीक चिन्ह येतं, रेकॉर्डर बीप बीप करतो. त्या आवाजाने डोकं उठतं म्हणून कुणीतरी तो बंद करून टाकतो आणि तिथून पुढे सगळे निर्धास्त. म्हणून मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो, की महिन्यातून एकदा रेकॉर्डिंग मागे नेऊन चालवून बघा. काल रात्री दोनचं बघा, आठवड्यापूर्वीचं बघा, आणि एकेक करून सगळ्या कॅमेऱ्यांचं बघा. याला तंत्रज्ञ लागत नाही, माऊस हलवता येणारा माणूस पुरे.

डिस्क का मरते? रात्रंदिवस लिहीत राहणं हे तिचं काम. साधी कॉम्प्युटरची डिस्क स्वस्त पडते म्हणून बसवतात, पण ती अशा अखंड कामासाठी बनवलेली नसते. पाळतीच्या कामासाठी वेगळी डिस्क मिळते, तीच घ्या. त्यात आपण रेकॉर्डर ठेवतो तो मीटरच्या खोलीत, बंद कपाटात. वारा नाही, धूळ भरपूर आणि लाइटची ये-जा. लहानसा यूपीएस आणि कपाटाला जाळीचं दार एवढ्यानेही डिस्कचं आयुष्य वाढतं.

डिस्कवर किती दिवसांचं चित्रण राहतं, हा हिशेबही आधीच करावा. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या दराने पाठवत असेल तर दिवसाला साधारण २१ जीबी होतात. आठ कॅमेरे असले तर एक टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते आणि सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. गणपतीला गावी जाऊन दहा दिवसांनी परतलेल्या माणसाला पहिल्या रात्रीचं चित्रण मिळणार कुठून?

आता पावसाचं. आमच्याकडे निम्मी दुरुस्ती पावसाळ्यातली. कॅमेऱ्यामागचा बीएनसी जोड उघडला की मधल्या तारेवर हिरवट पूड दिसते, नखाने खरवडली तर तार तुटून हातात येते. पाणी जोडाच्या डब्यावर पडून आत शिरत नाही, ते वायरीवरून ओघळत येतं. त्यासाठी वायर डब्यात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यायचा, म्हणजे थेंब झोलाशी गळून पडतो. वायरीचं भोक डब्याच्या खालच्या अंगाला ठेवायचं. फुकटची गोष्ट आहे, पण घाईत कुणी करत नाही. डबा उघडाल तेव्हा आत मुंग्यांची अंडी आणि पालही असेल हे धरून चाला.

एक तक्रार नेहमीची: दिवसा चालतो, रात्री बंद पडतो. लोक कॅमेरा बदलतात, नवाही रात्री बंद पडतो. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसतोच. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त वीज ओढतो. वायर लांब आणि बारीक असेल, किंवा पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगले असतील, तर बारा व्होल्ट निघतात आणि पोचतात नऊ-दहा. मीटर कॅमेऱ्याच्या टोकाशी लावा, आणि लावा तो अंधार पडल्यावर. दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका.

रात्रीचा दुसरा शत्रू कोळी. कॅमेऱ्यापाशी किडे जमतात, किड्यांमागे तो येतो आणि काचेसमोर जाळं विणतो. इन्फ्रारेडच्या उजेडात ते जाळं पांढरंफेक चमकतं आणि मागचं अंगण काळोखात बुडतं. रेकॉर्डिंग हालचालीवर ठेवलेलं असेल तर वाऱ्याने हलणारं जाळं रात्रभर रेकॉर्ड होत राहतं, डिस्क त्यानेच भरते. लांब काठीला मऊ फडकं बांधून जाळं काढा. डोम कॅमेऱ्याचं प्लास्टिक कोरड्या, खरखरीत कापडाने पुसू नका. पडलेले ओरखडेही रात्री असेच चमकतात.

घड्याळाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. रेकॉर्डरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला आणि लाइट गेली की घड्याळ मागे जातं, कधी थेट २००० सालात. चित्रण असतं, पण भलत्याच तारखेखाली. अशा वेळी घाईने घड्याळ दुरुस्त करू नका. आधी मोबाइलवरची खरी वेळ आणि पडद्यावरची वेळ एका फोटोत घ्या. फरक किती होता याची नोंद राहते, आणि पोलिसांना तीच लागते.

वेळेचं मोल काय असतं ते जालन्याच्या खटल्याने दाखवलं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, असा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण न्यायालयात गेलं. त्याच प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ यंत्रच हजर केलं नसेल, तर अशा पुराव्यासोबत कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ खाली ही अट आहे. चित्रण झालं त्या काळात यंत्र नीट चालत होतं का, हे तो कायदा विचारतो. वर्षभर कुणी हात न लावलेल्या रेकॉर्डरबद्दल असं लिहून द्यायचं तर सोसायटीच्या सेक्रेटरींचा पेन अडखळणारच. म्हणून तंत्रज्ञाच्या भेटीची तारीख, काय बदललं, कुणी बदललं, एवढं लिहिलेली एक वही रेकॉर्डरशेजारी असू द्या.

पासवर्डकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. कंपनीने दिलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने हजारोंनी ताब्यात घेतले. साठेक ठरलेले पासवर्ड तो फक्त टाकून बघत होता. ऑक्टोबरमध्ये त्या यंत्रांच्या जोरावर झालेल्या हल्ल्याने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. बसवून गेलेल्या मुलाने कोणता पासवर्ड ठेवला ते विचारा आणि त्याच दिवशी बदला.

चोरी झालीच, तर रेकॉर्डर उघडू नका आणि डिस्क फॉरमॅट करू नका. जागा भरत आली असेल तर आधी लागणारे तास पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, शक्यतो दोन प्रती, आणि मूळ डिस्क पोलिसांना विचारल्याशिवाय कुणाला देऊ नका.

वार्षिक देखभालीचा करार करताना सोसायट्या शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतात. मग येणारा मुलगा पडद्यावर नजर टाकतो, सही घेतो आणि जातो. करारात लिहून घ्या, की प्रत्येक भेटीत रेकॉर्डिंग चालवून दाखवायचं, काचा पुसायच्या, रात्री व्होल्टेज मोजायचं. त्या कामाचे पैसे मात्र पुरते द्या. आणि तो शिडीवर चढेल तेव्हा खाली धरायला वॉचमनला उभं करा. विजा चमकत असताना, ओल्या भिंतीला लोखंडी शिडी टेकवून "आत्ताच्या आत्ता चालू करा" असा हट्ट धरू नका. एक कॅमेरा सकाळपर्यंत बंद राहिला तर राहू द्या.