मागल्या मोटारीचा चालक

वाटेत बंद पडलेली मोटार एखाद्या स्नेह्याच्या मोटारीमागे दोराने बांधून घरी आणावी आणि मग सवडीने मिस्त्रीला बोलवावे, असा बेत आपल्याकडे इतक्या बिनदिक्कतपणे केला जातो की, या व्यवहाराबद्दल कायद्यालाही काही म्हणावयाचे असेल, अशी शंका फारशी कोणाच्या मनात डोकावत नाही. प्रत्यक्षात कायद्याचे म्हणणे पुष्कळच स्पष्ट आहे, आणि त्यातील पहिलीच गोष्ट आपल्या बेताच्या मुळावर येणारी आहे. मध्यवर्ती सरकारने 1989 साली रस्त्यावरील वर्तनाची जी नियमावली जारी केली, तिच्यात एका मोटारीने दुसरी मोटार ओढण्यास सरसकट मनाई करून, यांत्रिक बिघाडाने निकामी झालेल्या किंवा जुळणी पुरी न झालेल्या वाहनापुरता अपवाद ठेवला होता. आणि तो अपवाद तरी कोठवर, तर वाहन पोचते करण्यापुरता आणि जवळचे गॅरेज किंवा पेट्रोल पंप येईपर्यंत. मालकाच्या घराचा त्यात नामनिर्देशही नव्हता. 2017 साली या नियमावलीची जागा नव्या नियमावलीने घेतली, तरी ओढून नेणे ही अडचणीपुरती दिलेली मुभा आहे, प्रवासाचा प्रकार नव्हे, ही दृष्टी काही बदललेली नाही. घर गॅरेजच्या अलीकडेच लागत असेल तर काय, हा वकिली प्रश्न कोणाला सुचल्यास त्याने तो चौकातल्या हवालदाराशी उपस्थित करावा. मी त्यात पडत नाही.

1989 च्या त्या नियमावलीतील मला सर्वांत मार्मिक वाटणारी तरतूद मात्र याहून निराळी आहे. ओढल्या जाणाऱ्या मोटारीच्या चालकाच्या आसनावर, ती मोटार चालविण्याचा परवाना असलेला इसम बसलेला असलाच पाहिजे, अन्यथा तिची स्टेअरिंगची चाके क्रेनने किंवा तत्सम साधनाने जमिनीपासून पक्की उचलून धरलेली असली पाहिजेत, असा तो दंडक होता. व्यवहारात आपण काय करतो, तर घरातला सर्वांत सराईत चालक पुढच्या मोटारीत बसतो आणि मागच्या मोटारीत, ‘नुसते स्टेअरिंग धरून बस’ एवढी सूचना देऊन, नुकता परवाना मिळालेला किंवा तोही न मिळालेला भाचा बसविला जातो. ही विभागणी नेमकी उलटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या मोटारीचे इंजिन चालू असते, तिची सारी इंद्रिये शाबूत असतात. जे काही कौशल्य पणाला लागते ते मागे लागते.

याचे कारण असे की, आजच्या मोटारीत ब्रेक आणि स्टेअरिंग ही दोन्ही अंगे इंजिनाच्या आश्रयाने हलकी झालेली असतात. ब्रेकच्या पायपट्टीवर आपण जो अलगद पाय ठेवतो, त्याला इंजिनाने निर्माण केलेल्या निर्वाताची जोड मिळते. इंजिन बंद असताना साठलेला निर्वात दोनतीन दाबांत संपून जातो आणि त्यानंतर पायपट्टी दगडासारखी घट्ट लागते. ब्रेक नाहीसा झालेला नसतो, पण तो लागावा म्हणून मांडीचा सगळा जोर द्यावा लागतो, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो ‘ब्रेक गेला’ म्हणून घाबरतो. स्टेअरिंगचीही तीच कथा. सवयीने एका बोटावर वळणारे चक्र दोन्ही हातांनी ओढावे लागते. त्याहून घातक गोष्ट म्हणजे किल्ली काढून घेणे. किल्ली काढलेल्या मोटारीचे चक्र थोडे फिरताच जागच्या जागी अडकते, आणि मग पुढची मोटार वळली तरी मागची सरळच जाते. म्हणून किल्ली आत घालून, ती चालू या खुणेपर्यंत फिरवून, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक सोडलेला, अशा अवस्थेतच मोटार ओढावयास द्यावी. म्हणजे मागील ब्रेकचे दिवे आणि वळणाचे दिवेही लागतात. बॅटरीच मृत झाली असेल आणि मोटार कळ दाबून चालू होणाऱ्या नव्या धाटणीची असेल, तर तिचे स्टेअरिंग आणि विजेवर चालणारा हँडब्रेक सुटतीलच असा भरवसा नाही. अशा वेळी दोराचा विचार सोडून द्यावा.

दोन मोटारींतील मोकळे अंतर कोणत्याही क्षणी पाच मीटरपेक्षा अधिक नसावे आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, असे 1989 च्या नियमावलीने सांगितले होते. चोवीस हा चमत्कारिक आकडा मैलांच्या जमान्यातील पंधराचे रूपांतर असावा, असा माझा तर्क आहे. पण तो कोठूनही आलेला असो, त्याची पाच मीटरांशी सांगड घालून पाहण्यासारखी आहे. ताशी 24 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेसात मीटर. म्हणजे मधले पाच मीटर पाऊण सेकंदात संपतात, आणि समोरचा लाल दिवा दिसल्यापासून माणसाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सामान्यतः जवळजवळ तितकाच वेळ जातो. वेग दुप्पट केला तर मागल्या चालकाला काही करण्यास अवधीच उरत नाही. यास्तव त्याने पुढच्या मोटारीच्या दिव्यांवर दृष्टी खिळवून न बसता, तिच्या काचांतून पलीकडचा रस्ता पाहावा आणि पुढच्या चालकाच्या आधीच, त्याला थांबावे लागणार हे ओळखून, हलका ब्रेक धरावा. दोर ताणलेला ठेवणे हे काम त्याचेच आहे. दोर सैल पडला की तो मागल्या मोटारीच्याच पुढल्या चाकाखाली जातो, आणि पुन्हा ताणला जाताना असा हिसका देतो की एकतर दोर तुटतो, नाहीतर हुक उपटून येतो. आणि तुटलेल्या दोराचे टोक ज्या वेगाने उलटते, तो पाहता दोन्ही मोटारींच्या मध्ये किंवा बाजूला कोणीही उभे राहता कामा नये.

दोर निवडताना आपल्याकडे हाताला येईल ते चालते: डिकीतला काथ्याचा दोर, ट्रकवाल्याकडून मागून घेतलेली साखळी, प्रसंगी साडीसुद्धा. साखळी मजबूत खरी, परंतु तिला ताण सोसून घेण्याइतकी लवचिकता नसल्याने प्रत्येक हिसका सरळ मोटारीच्या सांगाड्यात जातो. याकामी विणलेला नायलॉनचा पट्टा बरा. तो इतरांच्या नजरेस भरेल असा असावा, हीही कायद्याचीच अपेक्षा आहे. मधोमध एक रंगीत फडके बांधले की ती पुरी होते. मागल्या मोटारीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या, 75 मिलिमीटरहून कमी उंच नसलेल्या अक्षरांत ‘ऑन टो’ असे लिहिण्याचाही दंडक 1989 च्या नियमावलीत होता. आपल्या रस्त्यांवर तो पाळलेला मी क्वचितच पाहिला आहे. दोर बांधावयाचा तो बंपरला किंवा चाकाच्या दांड्याला कदापि नव्हे. बहुतेक मोटारींना स्टेपनीजवळच्या अवजारांत एक लोखंडी कडीचा खिळा दिलेला असतो, आणि बंपरवरची छोटी चौकोनी झाकणी काढली की त्याची जागा सापडते. पुष्कळ मोटारींत याचे आटे उलटे असतात, म्हणजे तो डावीकडे फिरवून आवळावा लागतो. हे न कळल्याने खटपट करून ‘आटे गेले’ असा निष्कर्ष काढणारे थोडे नाहीत. दोराऐवजी ट्रकवाले वापरतात तसा लोखंडी दांडा मिळाला तर उत्तमच, कारण दांड्याने ओढताना मागची मोटार पुढचीवर आपटण्याचा संभव राहत नाही.

उतारावर दोर निरुपयोगी आहे. चढावर तो ओढतो, पण उतारावर त्याला करण्यासारखे काही नसते आणि मागची मोटार केवळ आपल्या जड झालेल्या ब्रेकवर पुढचीला न धडकता राहावयाची असते. कशेडी, खंबाटकी, आंबोली या घाटांत, त्यातही पावसाळ्यात, दोराने बांधलेली जोडी उतरविणे हे धाडस मी कोणालाही सुचविणार नाही. ओढता ओढता गिअर टाकून इंजिन सुरू करून पाहण्याचा मोहही आवरावा. इंजिन पकडते त्या क्षणी मागची मोटार पुढे उसळते आणि पाच मीटर केवढेसे असतात, हे आपण मघाशीच पाहिले.

काही मोटारी तर दोराने ओढूच नयेत. स्वयंचलित गिअरच्या मोटारीत गिअरबॉक्समधले तेल खेळविणारा पंप सामान्यतः इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली तर आतील भाग तेलावाचून झिजतात, आणि दोन हजारांची क्रेन वाचविण्याच्या नादात लाखाचा गिअरबॉक्स जातो. विजेवर चालणाऱ्या मोटारीत चाकांबरोबर मोटर फिरून वीज निर्माण होऊ लागते, आणि चारही चाकांना शक्ती असलेल्या मोटारीत पुढची दोन उचलून मागची दोन घासटणेही नडते. या तिघींना सपाट पाठीच्या वाहनावर चढवूनच न्यावे. क्रेनवाला आल्याबरोबर, भाड्याची घासाघीस करण्याआधी, आपली मोटार यांपैकी कोणत्या जातीची आहे हे त्याला सांगावे. तो आपण होऊन विचारीलच असे नाही.

मोठ्या मार्गांचा प्रश्न वेगळा आहे. जर्मनीत मोटार महामार्गावर बंद पडलेले वाहन ओढून नेताना पुढच्याच फाट्याला महामार्ग सोडलाच पाहिजे आणि दोन्ही वाहनांचे धोक्याचे दिवे लुकलुकत राहिले पाहिजेत, असा कायदाच आहे. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, जेथे सपाटीला मोटारींना ताशी शंभरपर्यंत मुभा आहे, तेथे चोवीसच्या गतीने दोराची जोडी चालविणे म्हणजे मागून येणाऱ्यांच्या हाती आपले प्राण देणे होय. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा क्रमांक फिरवावा, मोटारीतून उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे आणि क्रेनची वाट पाहावी.

राहता राहिला खर्च. खाजगी मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यात अपघातानंतर मोटार सांभाळून जवळच्या दुरुस्तीच्या जागी नेण्याचा वाजवी खर्च 1500 रुपयांपर्यंत मिळण्याची तरतूद असते. नुसत्या बिघाडाला ती लागू नाही, त्यासाठी रस्त्यावरील मदतीचे जोडकलम वेगळे पैसे भरून घ्यावे लागते. त्याच विम्यात, खाजगी मोटार भाड्याने वा मोबदल्यासाठी वापरल्यास संरक्षण मिळणार नाही, असेही स्पष्ट लिहिलेले असते. तेव्हा आपली मोटार ओढून देणाऱ्या स्नेह्याच्या खिशात नोटा कोंबण्यापूर्वी त्याच्या विम्याचाही थोडा विचार करावा. चहाबद्दल पॉलिसीत काही म्हटलेले माझ्या पाहण्यात नाही.