प्लास्टर निघाल्यानंतर



हाड मोडले की ते जुळेपर्यंतच दुखणे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्लास्टर कापले, टाके निघाले की घरचे निर्धास्त होतात. खरे पाहता सांध्याची काळजी तेव्हाच सुरू होते.

मुलांच्या कोपराचे घ्या. पेरूच्या झाडावरून किंवा ओट्यावरून मूल हात टेकून पडते आणि कोपराच्या वरचे हाड मोडते. लहान मुलांत ही दुखापत फार आढळते. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून पट्टी करकचून आवळली, अथवा सूज वाढून प्लास्टरच घट्ट झाले, तर हाताचा रक्तपुरवठा अडतो. बोटे सुजतात, गार व बधिर पडतात. ती सरळ करू गेल्यास मूल किंचाळते. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नका, रात्रीच इस्पितळ गाठा. काही तासांतच स्नायू मरू लागतात आणि पंजा कायमचा आखडतो. फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ साली या व्यंगाचे वर्णन केले. लिहिता हातच असा गेला तर त्या मुलाच्या शिक्षणाचे काय होईल, याचा विचार करा.

प्लास्टर तीन-चार आठवड्यांनी निघते तेव्हा कोपर ताठ असणारच. मग नानी तेल लावून चोळते, मामू हात ओढून पाहतात, कोणी पाण्याची बादली उचलायला लावतो. सारे प्रेमापोटीच! पण या ओढाताणीने स्नायूत नवे हाड तयार होऊ शकते आणि सांधा अधिकच आखडतो. मुलाला स्वतःच्या हाताने जेवू द्या, बटणे लावू द्या, वुजू करू द्या. बहुतेक मुलांचे कोपर काही महिन्यांत मोकळे होते.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत आपण उलट करतो. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या आईला हलू देत नाही, वर गुडघ्याखाली उशी देतो. उशीने बरे वाटते, पण गुडघा वाकलेलाच राहतो. त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडी आवळून गुडघा खाली दाबावा, पाच अंक मोजून सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. हल्ली ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवतात, घाबरू नये. थोडी सूज व दुखणे साहजिक आहे. मात्र पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला किंवा दम लागला, तर तत्काळ इस्पितळात न्यावे. घरी उकिडवे बसण्याचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

मुसल्ल्यावर बसता येणार नाही, या खंतीने कित्येक बुजुर्ग ऑपरेशन टाळतात. आजाऱ्याला बसून किंवा इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत शरीअतने दिलेली आहे. खुर्चीवर ती कशी अदा करावी हे मौलवीसाहेबांना विचारा. गुडघा किती वाकवावा हे सर्जनना विचारा.

आणि विद्यार्थी मित्रहो, घरात असे कोणी असेल तर शाळेतून आल्यावर दादीजवळ बसून तिच्या व्यायामाचे अंक तुम्ही मोजा. एकटीने करायचे म्हटले की ती चारावरच थांबते.