गाडी सुरतची, पैसा गटाचा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

मागच्या बैठकीत दोन गटांनी जुन्या पिकअपचा विषय काढला, म्हणून आज त्यावरच बोलते. पापड, मसाला, भाजीपाला जळगाव-धुळ्याच्या बाजारात न्यायला दरवेळी भाड्याचा टेम्पो परवडत नाही, हे खरं आहे. जुनी गाडी घेण्यात लाज कसली? पण गाडी मोबाईलवर दिसली सुरतची. मालक अनोळखी. तो म्हणतो, "पाच हजार टोकन टाका, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे."

उभं असू द्या. नुसत्या फोटोवर एक रुपया टाकायचा नाही. "मी फौजेत आहे, बदली झाली, गाडी पार्सलने पाठवतो" असं म्हणून, वर्दीतला फोटो दाखवून देशभर कितीतरी लोकांना फसवलंय. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही बरं का! पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. गेलेच तर त्याच घटकेला १९३० वर फोन करा.

सुरत काही परदेश नाही. भुसावळ, जळगाव, अमळनेरहून रेल्वे आहे. दोघी जणी आणि एक ओळखीचा मिस्त्री जा, तिकीट गटाने काढावं. सकाळी जा, आणि आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, असं आधीच सांगून ठेवा. गार इंजिन कसं उचलतं, धूर किती सोडतं, त्यावरून मिस्त्रीला दुखणं कळतं. गरम करून ठेवलेली गाडी शहाणी वागते. पायातलं मॅट उचलून बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत गाळ, गंज दिसला तर गाडी पाण्यात बुडालेली. आपल्याच तापीने २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडवलं होतं. तेव्हाच्या गाड्या आता कुठल्या, पण पाणी दरसाल कुठे ना कुठे भरतंच.

आता कागद. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो ना, तसा आरसीवरही फायनान्सवाल्याचा बोजा असतो. त्याची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय सौदा नाही. पैसे आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात टाकायचे. भावाच्या नाही, मित्राच्याही नाही.

जीजे पासिंगची गाडी स्वस्त वाटते, कारण पुढचा खर्च कोणी सांगत नाही. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणायची. मग इथला टॅक्स भरायचा, तेव्हा एमएच-१९ किंवा एमएच-१८ नंबर मिळतो. हे सगळं धरून भाव करा. फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तिथेच घ्या, विमाही आपल्या नावावर करून घ्या. मालक टाळाटाळ करायला लागला तर त्याला सांगा, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलंय की अपघात झाला तर आरटीओत ज्याचं नाव त्याच्यावर भरपाईची जबाबदारी. म्हणजे नाव बदलणं त्याच्याही फायद्याचं. नाहीतर आपली गत काय? गाडी उनी, कागद नही उना!

आणि गाडी कोणाच्या नावावर, हे सुरतला जायच्या आधी ठराव लिहून ठरवा. "दादाच्या नावावर करू, तोच चालवणार आहे" हे मला पटत नाही. हप्ता बाईने फेडायचा, आणि उद्या गाडी विकायची झाली की सही दादाची? दादाला ड्रायव्हर ठेवा, पगार द्या. आरसीवर गटातल्या बाईचं नाव पाहिजे.

ज्या गटांनी गाडी बघून ठेवलीय त्यांनी नंबर लिहून आणा. चहा झाला की परिवहनच्या ॲपवर एकेक नंबर टाकून बघू, विमा, फिटनेस कधीपर्यंत आहे आणि दंड किती थकलाय ते.